तिसऱ्या बाकाचा लाल टॅग

उद्धवराव साळव्यांना कृपादान मिळालं नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या मंडळीला दिसेल अशी भिंतीवर टांगलेली होती.

चिंचवडच्या त्या छोट्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पुठ्ठ्याचा तक्ता लावला होता. पवित्र आत्मा प्रत्येकाला काही ना काही देतो, ते मंडळीच्या उभारणीला लावायचं, म्हणून नावापुढे ज्याचं त्याचं दान लिहायचं. योगिनीपुढे गायन, सिद्धेशपुढे शिकवण, पिंकीपुढे आदरातिथ्य, म्हणजे चहा. उद्धवरावांपुढची जागा तेवढी कोरी. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं गिअर तपासलेल्या माणसाला देवाच्या घरी रिकामा रकाना मिळावा, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

प्रयत्नांत कसूर नव्हती. गायनात उभे राहिले, तर योगिनीनं दुसऱ्याच कडव्याला हात जोडले. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला गेले, तर अर्ध्या तासानं आजारीच उठून बसला आणि म्हणाला, "मला आता बरं वाटतंय, तुम्ही या."

"तुम्हाला एकच येतं," भाकरी थापता थापता त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणाल्या. "खोड काढायची."

बाईंनी टोमणा मारला होता, यांनी तो दृष्टांत समजून उचलला. कंपनीतले लाल टॅग कपाटात होतेच. सदोष मालाला टॅग बांधायचा, त्यावर दोष लिहायचा, आणि कारण सापडून सही झाल्याशिवाय तो मॅनेजरनंही काढायचा नाही. पुढच्या रविवारी पेटीवर टॅग लागला, 'एक सूर बसका'. किटलीवर लागला, 'साखर कमी', आणि पिंकी बोलेनाशी झाली. उपदेश संपला तेव्हा व्यासपीठावरही एक लोंबत होता, 'बारा मिनिटं जादा'.

पाळकसाहेब भला माणूस, पण तेही शेवटी माणूसच. "उद्धवराव, पुढच्या रविवारपासून तुम्ही नुसतं बसायचं," ते म्हणाले.

खट्टू होऊन उद्धवराव तिसऱ्या बाकावर टेकले. उठले तेव्हा पांढऱ्या पँटवर धूळ! लगेच टॅग बांधला गेला.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"पुसलं नसेल," सिद्धेश म्हणाला.

"एरवी कोण पुसतं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "बाकं स्वच्छच असतात की," योगिनी म्हणाली. आपोआप स्वच्छ होणारी वस्तू उद्धवरावांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती. शेवटी बाहेरच्या टपरीवाल्यानं सांगितलं, "देहूरोडची छबूबाई. तुमच्या आधी येती, पुसती, मागं खांबाआड बसती. दोन रविवार दिसली न्हाई."

तक्त्यावर छबूबाईंचं नावच नव्हतं. कोरा रकानासुद्धा नाही. उद्धवरावांना स्वतःच्या रुसव्याची लाज वाटली.

दुपारी सगळे देहूरोडला गेले. छबूबाई पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर होत्या. "दोन आयतवार झालं," त्या म्हणाल्या. "कुनी इल म्हनून दाराकडं बघत हुते." पाळकसाहेबांसकट सगळे उंबऱ्यातच घुटमळले. मग बाईंची नजर उद्धवरावांच्या खिशाकडे गेली. "ह्ये लाल काय हाय?"

उद्धवरावांनी टॅगचे नियम समजावले.

"मग ल्हिवा, दोन आयतवार उशीर. आन् सोताला बांधा."

त्यांनी मुकाट्यानं लिहिलं आणि शर्टाच्या बटणाला बांधलं.

पुढे सहा रविवार तो टॅग लोंबत राहिला. पाळकसाहेबांनी विनवलं, "आता काढा की!" उद्धवराव म्हणाले, "छबूबाईंनी पास केल्याशिवाय नाही." तक्त्यावर छबूबाईंचं नाव सगळ्यांत वर आलं. स्वतःच्या कोऱ्या जागी उद्धवरावांनीच लिहून टाकलं, 'बाकं पुसणे (हंगामी)'.

सातव्या रविवारी छबूबाई काठी टेकत आल्या. तिसऱ्या बाकावरून बोट फिरवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. पेटी थांबली. बाईंनी उद्धवरावांच्या बटणाचा टॅग सोडला, आणि तोच बाकाच्या टोकाला बांधला.

"कोपरा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या.

उद्धवरावांना इतका आनंद निवृत्तीच्या हारानंही झाला नव्हता. खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले आणि त्याच फडक्यानं ते कोपरा पुसायला लागले.