बावीस टोकं

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर बायको सांगेल, आणि ती वाढवून सांगते. मी शिलाई मशिनं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत स्वयंपाकघर, मधलं दार कधी लागत नाही. चाळीस वर्षं हेच चाललंय.

डावा कान लहानपणीच्या तापात गेला. उजवा दहा वर्षांपूर्वी जायला लागला आणि बघता बघता तळाला थोडासा उरला. त्यातून माणसांचं बोलणं येत नसे. पण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनच्या अंगाला टेकवायचं, त्याची मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, की सुईखाली दोरा फिरवणाऱ्या शटलची धडधड खोलवरून लागायची. कुठला भाग सैल झालाय, कुठे तेल संपलंय, मी बरोबर सांगायचो. माणसांचं मी ओठांवरून वाचायचो. बायकोचे ओठ फार स्वच्छ वाचता येतात, विशेषतः ती चिडलेली असते तेव्हा.

मग सर्जनने सांगितलं की उपाय आहे. कानाच्या अगदी आत शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात केसाएवढी तार सरकवायची. तारेवर बावीस टोकं. बाहेर कानावर एक छोटं यंत्र, ते आवाज पकडणार आणि त्या टोकांमधून विजेचे बारीक ठोके थेट नसेला देणार. डाव्या कानाची नळी हाडाने बुजलेली, तिथे तार जाणार नाही. "करायचं तर उजव्यातच," सर्जन म्हणाले, "पण त्यात जे काही उरलंय, ते बहुतेक जाईल."

मी नाही म्हणून उठलो होतो. हातातलं सोडून कोण बसतं? बायकोने माझी बाही धरून मला खाली बसवलं. "अहो, मशीन ऐकू येतं तुम्हाला," ती म्हणाली, "मी नाही येत."

मी सही केली.

जखम भरल्यावर महिन्याभराने यंत्र चालू करायचं ठरलं. दवाखान्यातल्या तज्ज्ञ बाई कॉम्प्युटरसमोर बसून एकेक टोक जागं करत होत्या. टिंग, टिंग, टुंग. मी मान डोलावत होतो. मग त्यांनी सगळी टोकं एकदम चालू केली आणि बायकोला म्हणाल्या, "बोला."

ती काय बोलली ते मी ओठांवरून वाचलं. "ऐकू येतंय का मी?" कानात मात्र कुणीतरी पत्र्याच्या डब्यात टाचण्या घालून हलवत होतं. बाई बोलल्या तरी टाचण्या, खुर्ची सरकली तरी टाचण्या.

"टाचण्या," मी सांगितलं. बायको हसली, पण ते हसू गालांच्या वर गेलं नाही.

"मेंदूला शिकायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या. असलं गिऱ्हाइकाला मीही सांगतो, मशीन हातात बसायला वेळ लागतो म्हणून, आणि ते प्रत्येक वेळी खरं नसतं.

घरी आल्याआल्या मी यंत्र काढलं, स्क्रूड्रायव्हर घेतला, चालू मशिनला टेकवला, मूठ कानामागे दाबली. काही नाही. हाडाला नुसती मुठीची थरथर लागत होती. बायको मधल्या दारात उभी होती. मी वर पाहिल्यावर आत निघून गेली.

पुढचे सहा आठवडे वैतागाचे गेले. यंत्राची चकती डोक्यावर लोहचुंबकाने चिकटते, म्हणजे कातडीखाली एक आणि बाहेर एक. माझ्या धंद्यात सगळं लोखंड. जरा वाकलं की चकती डोकं सोडून मशिनला जाऊन चिकटायची आणि मी ठार बहिरा. एकदा शिंपीणबाई, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, दहा मिनिटं तक्रार सांगत होत्या, मी मान हलवत होतो, आणि चकती त्यांच्याच मशिनला लटकलेली. दिवसाअखेर काढून बघावी तर तिला चार सुया आणि एक हरवलेला स्क्रू.

रोज सकाळी बायको तोंडापुढे कागद धरून शब्द वाचायची, म्हणजे मला ओठ दिसू नयेत. चमचा. पायरी. खिडकी. मी सांगायचो, टाचण्या, टाचण्या, टाचण्या. एकदा मी कागद हिसकावून फेकून दिला. तिने तो उचलला, हाताने सरळ केला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.

त्या दिवशी दुपारी शिंपीणबाईंचं मशीन समोर होतं. टाका सुटतो, एवढीच तक्रार. मी चाक फिरवलं आणि टाचण्यांच्या गलक्यात वेगळं काहीतरी लागलं. टक, टक, टक. शटल आदळतंय, मी म्हटलं. खोललं, पुसलं, बसवलं. पुन्हा टक टक. पुन्हा खोललं. कापड दाबणारा दट्ट्या बदलला, स्क्रू आवळले. टक टक. चाळीस वर्षांत एका मशिनने मला इतकं छळलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी त्याचा एकेक अवयव काढून फडक्यावर मांडला. शटल माझ्या हातात, सुई डबीत, पट्टा खुंटीवर.

आणि तरी टक, टक, टक.

सुटं पडलेलं मशीन आवाज करत नाही. मी चकती काढली, शांत. लावली, टक टक. म्हणजे आवाज माझ्या डोक्यातला नव्हता, आणि मशिनचाही नव्हता. मी उठलो. भिंतीपाशी गेलो, रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेलो, तिथे कमी झाला. मधल्या दाराकडे वळलो तसा वाढला.

स्वयंपाकघरात बायको माझ्याकडे पाठ करून गाजरं चिरत होती. सुरी फळीवर पडली की टक. उचलली की काही नाही. मी दाराला धरून उभा राहिलो. तिने तुकडे पातेल्यात लोटले तर खरखर असा आवाज आला, आणि तो टकपेक्षा निराळा होता. माझ्या पाठीमागून, भिंतीपलीकडून, बावीस टोकांवरून एक गाजर माझ्यापर्यंत पोचलं होतं! मी असली करामत उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती माझ्याच डोक्यात चालली होती.

तिच्या शेजारी फोन उभा करून ठेवलेला होता. लेकीचा असणार, त्या वेळी तिचाच येतो. बायको चिरता चिरता बोलत होती. आधी टाचण्याच होत्या. मग त्यातून "नाही गं" असं काहीतरी निघालं. मला वाटलं, मनाचे खेळ. ओठ तर दिसत नव्हते, नुसता अंबाडा दिसत होता.

"रोज वाचते गं," अंबाडा म्हणाला. "काही येत नाही त्यांना. स्क्रूड्रायव्हर लावून बसायचे, तेवढं तरी सुख होतं. तेही मीच हट्टाने घालवलं. का, तर माझा आवाज ऐकावा म्हणून. काय मेलं असं आहे माझ्या आवाजात?"

सगळे शब्द. एकही गळला नाही. आवाज तिचाच होता, फक्त दहा वर्षांनी जुना. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि लाजेने तिथून पळावंसंही. सहा आठवडे मी तिच्यापुढे तोंड वाकडं करून हिंडत होतो.

"थोडा घोगरा झालाय," मी म्हटलं. "बाकी काही वाईट नाही."

ती गर्रकन वळली. ओठ हलायला लागले तसे मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"थांब. तोंड बघत नाही मी. आता बोल."

मग एक आवाज आला, तुटक, ओला, आमच्या कागदावर कुठेच नसलेला. तो कशाचा ते मला ओळखता येईना. डोळे उघडून पाहिलं तर ती रडत होती. या दहा वर्षांत ती माझ्यासमोर कितीदा तरी रडली होती, आणि रडण्याला आवाज असतो हे मी विसरूनच गेलो होतो.