सातव्या होलचे पाच

गोल्फचं कार्ड हातात आलं आणि घड्याळजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातव्या होलपुढे साडूनं पाच लिहिले होते. पाच! वाळूच्या खड्ड्यात चेंडू दोनदा अडकला होता, सात फटके लागले होते.

सातच. त्यात चूक व्हायची सोयच नव्हती. घड्याळजी डाव्या खिशात जुन्या घड्याळांची दहा चाकं ठेवायचा आणि फटका मारला की एक चाक उजव्या खिशात टाकायचा. बाकीचे हसायचे. हसतील त्यांचे दात दिसतील.

पाच हौशी माणसं, वर्षातले सहा रविवार, आणि बक्षीस म्हणून पोचे आलेली एक किटली. आपले फटके आपण लिहायचे नाहीत, जोडीदारानं लिहायचे, एवढाच काय तो कायदा. घड्याळजीचा जोडीदार म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हा बेकरीवाला. अकरा वर्षं दोघं किटलीसाठी एकमेकांच्या उरावर बसले होते. चेंडू होलपासून वीतभर राहिला की बाकीचे उदारपणे 'दिला' म्हणायचे, मग तो न मारताच उचलायचा. या दोघांनी एकमेकांना एकही चेंडू कधी दिला नव्हता.

आणि आज टेबलावर किटली घड्याळजीसमोर होती. साडूपेक्षा एक फटका कमी घेऊन जिंकला म्हणून पाचांतला दातांचा डॉक्टर टाळ्या वाजवत होता.

"हे काय लिहिलंयस?"

साडूनं चहात तोंड खुपसलं. "काय लिहिलंय? बरोबर तर आहे."

घड्याळजीनं खिशातली चाकं टेबलावर आपटली. "सात! तुझ्या डोळ्यांदेखत सात!"

"अरे, हळू. मैत्रीतला खेळ आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"माझ्या हाताचं."

साडूनं कप उगाच बशीत फिरवला. म्हणजे बायको बहिणीजवळ बोलली होती. चार महिने घड्याळजीचा उजवा हात थरथरत होता. बारीक घड्याळं तो परत पाठवायला लागला होता, जुनी गिऱ्हाइकं दारातून 'बरं आहे ना?' विचारून पुढे जात होती. दया त्याला दुकानात पोटभर मिळत होती. एक हा नालायक तेवढा राहिला होता, जो त्याला धडधाकट माणसासारखा छळायचा. आता यानंही केसानं गळा कापला.

"सातव्यावर तू नेहमी पाचच घेतोस," साडू पुटपुटला. "एक दिवस हात बिघडला म्हणून..."

"ऊठ. आत्ता काढून दाखवतो पाच. निघाले तर किटली माझी. नाहीतर उचल आणि तोंड काळं कर."

"डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"ऊठ म्हणतो ना!"

घड्याळजीनं चाकं गोळा करून डाव्या खिशात भरली आणि पाचही जण भर उन्हात सातव्यावर परत गेले. पहिला फटका सरळ गेला. दुसरा गवतात. तिसऱ्यानं वाळूचा खड्डा ओलांडला तेव्हा डॉक्टर ओरडला, पण घड्याळजीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं तोंड आपोआप मिटलं. चौथ्यानं चेंडू घरंगळत होलपाशी आला आणि वीतभर अलीकडे थांबला.

घड्याळजीनं चौथं चाक खिशात टाकलं आणि चेंडूवर वाकला. हात थरथरायला लागला. काठीचं टोक चेंडूशी टकटक वाजत होतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यानं मान वर केली.

साडूचं तोंड उघडलं होतं. त्याचे डोळे भरले होते. एक शब्द, आणि सगळं संपलं असतं.

"'दिला' म्हणून तर बघ," घड्याळजी दात आवळून म्हणाला. "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही."

साडूनं तोंड मिटलं. मग त्याचाही भडका उडाला. "मार ना मग! संध्याकाळपर्यंत उभा राहू का इथे?"

घड्याळजीनं मारला. चेंडू होलच्या कडेनं फिरला आणि बाहेर पडला.

घड्याळजीनं पुढे होऊन चेंडू आत ढकलला.

"सहा," साडू खणखणीत आवाजात म्हणाला. त्यानं कार्डावरचे पाच खोडले, सहा लिहिले आणि खाली जोरात सही केली. परतल्यावर टेबलावरची किटली त्यानं काखेत मारली.

"वर्षभर दुकानात ठेवणार आहे," तो म्हणाला. "समोरच्या काचेत. रोज दिसेल तुला."

"घाल चुलीत," घड्याळजी म्हणाला. खिशातली सहा चाकं त्यानं एकेक करून डाव्या खिशात परत टाकली.