फिनाईलने विझलेली देवी

चामोर्शीकडच्या आमच्या गावात मठाच्या ओट्यावर दगडातून ज्योत निघत होती. तेल नाही, वात नाही. अख्खं गाव लोटांगण घालायचं. ज्वालागिरी महाराज गर्जायचा, "माय आली रे! तिले सोनं नको, नारळ नको. घरटी टोपलंभर ताजं शेण वाहा!" बाया डोक्यावर शेण आणायच्या, चेले ते मठामागच्या कुंपणात न्यायचे. आत जायची मनाई. जागा म्हणे कडक.

अन् एका सांजेच्या आरतीला ज्योत बोटभरही उरली नाही.

महाराजाने डोळे फिरवले. "गावात डाकीण हाय. मायचा जीव घेऊन राह्यली!" बोट गेलं कमळाकडे. विधवा, एकटी. बोट अशाच बाईकडे जातं.

"म्या काय केलं जी?" ती मागे सरकली. तिचाच दीर मुखरू आडवा आला. "मंग माहा बैल काऊन मेला?" त्याच्यामागे आणखी काठ्या उठल्या. अशा काठ्या कुठवर जातात, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

ढोरांची डॉक्टरीण मंजुषाबाई खुरकतीच्या साथीसाठी गावातच होती. ती गर्दी कापत आली.

"मुखरूभाऊ, बैल खुरकतीने गेला. त्यानंतर गोठा कशाने धुतला?"

"तुमीच सांगतलं ना बाई, फिनाईलनं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यायनं."

"अन् त्याच गोठ्यातलं शेण देवीला?"

ती सरळ कुंपणाकडे निघाली. चेला ओरडला, "भस्म होशील!"

"होऊ दे. राख तूच भर."

मी कुंपणाचा बांबूचा तट्टा उपटला. आत गोबरगॅसचं टाकं होतं. नळी जमिनीतून थेट ओट्याखाली गेलेली. बाईने नळीची चावी बंद केली.

"विझली!" ओट्यावरून ओरड आली.

तिने चावी उघडली. "मुखरूभाऊ, दगडाजवळ काडी ओढा."

त्याने ओढली. मिणमिण का होईना, देवी मुखरूच्या हाताने पेटली.

"शेणातले बारीक जीव गॅस करतात," बाई म्हणाली. "फिनाईलने ते मेले, गॅस आटला."

महाराज पायऱ्या उतरू लागला, तर वाट बायांनी अडवली. कमळा दिराला म्हणाली, "भाऊजी, आता काठी फिनाईलच्या डब्यावर घाला."

हसलं कोणी नाही. हसायचं तोंड कोणाला होतं?

हेच टाकं सरकार घरोघरी देत होतं, तेव्हा आपणच म्हटलं, शेणाच्या आगीवरचा भात देवाला चालत नाही. अन् त्याच आगीपुढे डोकं टेकलं! बाया वाघाच्या रानात सरपणाला जातात, चुलीपुढे खोकून मरतात. शेण कुजतं तिथून तोच वायू मोकळा सुटतो, अन् तो जाळल्यावरच्या धुरापेक्षा आभाळाला कितीतरी जास्त तापवतो. टाक्यात धरून जाळा. चूल पेटेल, रान वाचेल, उरलेला रबडा धानाला खत होईल, कारखान्याच्या खताची गोणी कमी लागेल. घुग्घुसच्या खाणीतल्या कोळशाच्या धुराशी भांडायचंच आहे, पण आपल्या उकिरड्याला कोणाची परवानगी लागत नाही.

अन् पुन्हा कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर आधी तिच्यापुढे उभे राहा. कुंपण मग उपटा. डाकीण नसते. कुंपणामागे माणूसच असतो.