बिनधुराची खोली

तिसरी काडी ओढून दिनकररावांनी शेगडीला लावली, तेव्हा निळी जीभ एकदा बाहेर आली, थरथरली आणि पुन्हा आत गेली. त्यांनी चावी मागेपुढे करून पाहिली. वाफाऱ्याच्या पाण्याचं पातेलं वर तसंच गार होतं. पलीकडे खाटेवर तानुबाई उशीला पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती.

"न्हाई पेटत?" त्यांनी विचारलं. दोन शब्दांसाठी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"पेटंल की. न पेटून जाती कुठं," दिनकरराव म्हणाले. गावात त्यांच्या एका हाकेला चार गडी धावत यायचे. शेगडी मात्र त्यांना ओळखत नव्हती.

शहाऐंशी सालचा जानेवारी होता. परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायचं ठरवलं होतं आणि पंधरा दिवस जवळच कुठेतरी राहा म्हणून सांगितलं होतं. पहिला मुक्काम धर्मशाळेत पडला. तिथे एका ओसरीवर आठ चुली पेटायच्या. सकाळपर्यंत तानुबाईंचे ओठ निळे पडले आणि दिनकररावांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. मग एका नर्सबाईंनी सांगितलं, मागच्या गल्लीत पंचफुलाबाईच्या खोल्या आहेत, आलेल्या पेशंटच्या माणसांना आठ-पंधरा दिवसांसाठी देतात. तिथे चूल नसते.

दारातून आत पाऊल टाकताना भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिनकररावांनी पाहिली आणि पाऊल तिथेच अडखळलं. पण तोवर तानुबाई आत जाऊन खाटेवर बसल्याही होत्या. धाप लागलेल्या बाईला उठवून दुसरीकडे न्यायला पाटीलकी कामाची नव्हती. पंचफुलाबाईंनी उभ्या उभ्याच घराची रीत सांगितली.

"लाकूड पेटवायचं न्हाई. आमच्याकडं गोबरगॅस हाय, त्येच्यावरच करायचं. न्हाणीचं पाणी केळीला जातंय, ते गटारीला सोडायचं न्हाई. खरकटं म्हशीच्या घमेल्यात टाका."

तिशीची, सडपातळ बाई. बोलताना तिने दिनकररावांकडे एकदाच पाहिलं आणि मग ती तानुबाईंकडेच बघत राहिली. तिचा नवरा सिताराम कृषी विद्यापीठाच्या गोठ्यावर कामाला होता, महिन्यातले कितीतरी दिवस लांबच्या फार्मवर मुक्कामी असायचा. तिथेच शिकून त्याने घरामागे हा खड्डा बांधला होता आणि त्यावर लोखंडी टाकी बसवली होती.

सहा दिवस सगळं सुरळीत गेलं. धाकटा मुलगा ज्वारीच्या राखणीला आणि सून बाळंत, त्यामुळे जन्मात कधी उलथनं न धरलेल्या दिनकररावांच्या वाट्याला स्वैपाक आला. त्यांची खिचडी कधी कच्ची राहायची, कधी बुडाला लागायची. तानुबाई ती निमूटपणे खायच्या आणि गालात हसायच्या. पण खोलीत धुराचा माग नव्हता. तानुबाईंना रात्री सलग झोप लागायला लागली होती, आणि दिनकरराव रोज सकाळी शेगडी पेटवण्याआधी हळूच तिला हात जोडायचे. कुणी पाहिलं नाही ना, हे मात्र आधी बघून घ्यायचे.

आणि आज ती पेटत नव्हती.

ते अंगणात आले. शेजारच्या खोलीतले किशनराव केळीच्या बुंध्याशी दात घासत बसले होते. राणीसावरगावचा साधा माणूस, पोराचा पाय मोडला म्हणून आलेला.

"गॅस येईना हो," दिनकरराव म्हणाले.

"येईल कसा? दोन दिसांपासून बाई तापानं पडल्यात. खड्ड्यात काई पडलंच न्हाई." किशनरावांनी चूळ भरली आणि जरा संकोचून म्हटलं, "काल बारी तुमची व्हती. आज बी तुमचीच म्हणायची."

"कसली बारी?"

"शेनाची. एका म्हशीच्या शेनावर तीन खोल्यांच्या शेगड्या चालत न्हाईत, पाटील. जो इथं राहील त्यानं आपल्या बारीला कोंडवाड्यातून पाटीभर शेन आणायचं, कालवायचं आन् सोडायचं. ह्या घराची रीतच हाय ती. मी करतो, पलीकडचा तो ड्रायव्हर करतो."

"मला तर कुणी सांगितलं न्हाई."

"तुमची बारी बाईच करायच्या की. दर तिसऱ्या दिशी, तुमी उठायच्या आत."

दिनकररावांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपल्याला कुणी काही सांगत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण बाई जाणती आहे, माणसाची पायरी ओळखते, असा सोयीचा अर्थ त्यांनी लावून ठेवला होता.

आतून तानुबाईंचा खोकला आला. एक ढास, मग दुसरी, आणि मग श्वास शोधत राहिलेली ती भयाण शांतता.

"मी आंगणात तीन दगड मांडून देतो पायजे तर," किशनराव म्हणाले. "वाफारा तर द्यावा लागंल."

"नको. धूर नको." दिनकररावांनी डोक्याचा फेटा काढून खुंटीला लावला आणि भिंतीशी पालथी घातलेली पाटी उचलली.

कोंडवाडा नगरपालिकेचा, मोकाट जनावरांचा. तिथल्या राखणदाराने वर न बघताच आतल्या कोपऱ्याकडे हात केला. आयुष्य जनावरांत गेलेला माणूस, पण शेणात हात घालायची वेळ दिनकररावांवर पन्नास वर्षांत आली नव्हती. ते काम करायला माणसं होती. पाटी भरली, डोक्यावर घेतली, तेव्हा मान कशी ताठ ठेवायची हेही त्यांना समजेना. कानामागून एक गार ओघळ खाली उतरला.

आणि नेमका कोपऱ्यावर नागनाथ भेटला. त्यांच्याच गावचा किराणा दुकानदार, माल भरायला आलेला. गावात बातमी पोचवायला तार खात्यापेक्षा तो बरा.

"पाटील?" नागनाथाच्या हातातली पिशवी गळायची राहिली. "अहो, हे काय करायलाव? घरी वीस जनावरं, आन् इथं तुमी..."

काहीतरी थाप मारावी असं दिनकररावांच्या मनात आलं. पण मानेवर ओझं असलं की थापा सुचत नाहीत.

"आज बारी माझी हाय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

परत आले तेव्हा पंचफुलाबाई गोधडी पांघरून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. चेहरा तापाने उतरला होता. दिनकररावांनी शेण खड्ड्याशेजारच्या हौदात ओतलं, तेव्हा त्यांचा आवाज आला.

"खडे आन् कडबा येचून काढा. पानी शेनाच्या बरोबरीनं. गार नका घालू, त्या उन्हात ठिवलेल्या घागरीतलं घ्या."

त्यांनी कोपरापर्यंत हात घालून कालवलं. गुठळ्या फोडल्या. बूच काढल्यावर ते सगळं खड्ड्यात गडगडत गेलं.

"आता टाकी फिरवा. थंडीनं वर साय धरलीया, ती फुटली तरच गॅस वर यील. दोन्ही हातानं धरा. उजवीकडं."

लोखंडी टाकी जड होती. दिनकररावांनी ओठ आवळून जोर लावला. ती आधी हललीच नाही, मग एकाएकी कुरकुरत फिरली आणि खालून बुडबुड्यांचा आवाज यायला लागला. त्या आवाजाने त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी उगीचच आणखी दोन फेरे मारले.

दुपार कलताना शेगडीवर पहिली ज्योत उभी राहिली. लहानच, पण टिकली. पातेल्यातून वाफ निघाली, तानुबाईंनी डोक्यावरून चादर घेतली, आणि थोड्या वेळाने चादरीखालची शिट्टी मंदावत गेली. दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. या वेळी त्यांनी शेगडीला हात जोडले तेव्हा कुणी बघतंय का हे पाहिलं नाही.

संध्याकाळी ते अंगणात पंचफुलाबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, माझी बारी तुमी का केली? सांगायचं व्हतं मला."

"सांगितलं असतं तर केली असती?"

त्यांना खोटं बोलवेना. त्यांनी मान खाली घातली.

"मंग," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी निघून गेला असता. आन् काकूला बी नेलं असतं."

त्या दिवसापासून दर तिसऱ्या सकाळी दिनकररावांची पाटी कोंडवाड्याच्या वाटेवर दिसू लागली. किशनराव एक सांगायचे, ड्रायव्हर दुसरंच सांगायचा, आणि दिनकरराव दोघांचं ऐकून कालवणात कमी-जास्त पाणी घालायचे. खड्ड्यातून बाहेर पडणारी मळी वांग्याच्या वाफ्याला घातली की वांगी कशी तुकतुकीत होतात, हे ते तानुबाईंना रोज नव्याने सांगत. शेतकऱ्याला शेती शिकवायला दवाखाना लागावा, याचं तानुबाईंना फार हसू यायचं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. "पण धुरापासून जपा," ते म्हणाले. "पुन्हा धुरात बसल्या तर मला बोलावू नका." त्या एका वाक्यासरशी सगळा आनंद ओसरला. गावी घरात दोन चुली होत्या, आणि त्यांच्यासमोर चाळीस वर्षं बसलेल्या तानुबाई.

गाडी दारात आली. किशनराव गाठोडी ठेवू लागले. दिनकरराव मागच्या अंगणात गेले. पंचफुलाबाई टाकी फिरवत होत्या.

"बाई, मी बी गावी हा खड्डा बांधीन म्हणतो. ग्रामसेवकाला निरोप धाडलाय, सरकारची योजना हाय म्हणे. तुमच्या मालकाला एक डाव पाठवा. जागा हाय आमच्याकडं. गोठ्याच्या मागं मोकळीच पडलीया."

"तिथं नका खणू," पंचफुलाबाई टाकी फिरवता फिरवता म्हणाल्या. "तिथं पावसाळ्यात नाल्याचं पानी भरतंय. गोठ्याच्या उगवत्या अंगाला, चिंचेच्या पल्याड घ्या. सकाळपासून ऊन राहतं. आन् सैपाकघराची बारकी खिडकी बी तिथूनच जवळ पडती."

दिनकररावांनी होकारार्थी मान हलवली, आणि मग ती हलायची थांबली.

"तुमी आमचा गोठा कव्हा बघितला?"

पंचफुलाबाईंनी टाकीवरचे हात काढले आणि पदराला पुसले.

"माय शेन काढायची तिथं. मी पाटी धरायची. बायनाबाईची लेक हाय मी. नामांतराच्या दंगलीच्या साली गाव सोडलं आमी."

बायनाबाई. वीस वर्षं रोज पहाटे गोठ्यात वाजणारा खराटा दिनकररावांना ऐकू आला. तिच्याबरोबर एक पोरगी यायची एवढं आठवलं. तिचं नाव कधी विचारलं नव्हतं. त्या साली एका सकाळी खराटा वाजला नाही, तेव्हा आपण काय केलं? दुसरी बाई बघितली.

"मला पयल्याच दिशी वळखलं व्हतं?"

"हां."

"आन् तरी खोली दिली?"

"काकूला धाप लागली व्हती," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांनी केळीकडे पाहिलं. "मायला बी तीच व्हती. ही टाकी तिच्यासाठीच बसिवली आमी. गॅस पेटायच्या आधी गेली ती."

दिनकररावांनी हात जोडले. आयुष्यात देवापुढे, साहेबांपुढे, कधी पावसाच्या ढगापुढेही ते जोडले होते, पण या वेळी ते खाली घ्यावेसे वाटेनात. लाज वाटत होती आणि त्या लाजेहून मोठी अशी कृतज्ञता दाटून आली होती.

"खणायच्या दिवशी तुमी या," ते म्हणाले. "जागा तुमीच आखून द्या, पंचफुलाबाई."

"यीन. पर पाटी धरायला न्हाई येनार मी."

"न्हाई न्हाई. पाटी मी धरीन."

घराच्या कोपऱ्यावर कधीच्या येऊन उभ्या राहिलेल्या तानुबाई हे ऐकून मोठ्याने हसल्या. डोक्यावर पाटी घेतलेला नवरा गावच्या रस्त्याने चाललाय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हटेना, आणि त्या हसतच गाडीत जाऊन बसल्या.

ते हसू संपलं तरी एकदाही ढास लागली नव्हती. दिनकररावांच्या हे लक्षात आलं, तेव्हा गाडी रेल्वे फाटक ओलांडून बरीच पुढे गेली होती.