चार आकडे

कागद तिनं खिडकीच्या उजेडात धरला आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मागे रांगेत वीस-बावीस बायका चुळबुळत होत्या.

“अहो, वाचायचंय काय त्यात? फुलीपाशी सही करा,” टाय लावलेला बँकेचा कार्डवाला म्हणाला.

“फुलीच्या वर काय लिहिलंय तेच बघतेय.”

रांगेत खसखस पिकली. इस्पितळाच्या त्या धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालायची, पण सगळ्या तिला वकिलीणबाई म्हणत. शाळा आठवीतच सुटली होती. तरी साधी पावतीसुद्धा वाचल्याशिवाय ती पिशवीत टाकायची नाही, म्हणून.

या महिन्यापासून पगार हातात मिळणार नव्हता, कार्डावर जमा होणार होता. जेवढे जमा तेवढेच खर्चता येणार, पुढे एक पैसा नाही. हे तिला पटलं होतं. पण अगदी तळाच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच छापलेली होती आणि खुणेपुढे लिहिलं होतं : कर्ज व उधारीच्या योजनांसाठी माझी संमती आहे.

“ही खूण कुणी केली?”

“छापीलच येते ती. ऑफर असतात हो, तुमच्या फायद्याच्याच.”

“मी मागितल्या होत्या का?”

उत्तराची वाट न बघता तिनं खुणेवर आडवी रेघ ओढली, शेजारी टपोऱ्या अक्षरांत ‘संमती नाही’ असं लिहिलं आणि मगच सही केली. कार्डवाल्यानं शेजारी उभ्या असलेल्या धुलाईघराच्या मुकादमाकडे पाहिलं. मुकादम छताकडे पाहू लागला.

सही केल्यावर प्रत्येकीला कार्ड आणि गुप्त नंबराचं बंद पाकीट मिळालं. दुपारी मुकादम पत्र्याचा डबा आणि जाड पेन घेऊन फिरला. कार्डं डब्यात टाकायची, गुप्त नंबर तो मागच्या बाजूला लिहिणार, आणि पगाराच्या दिवशी सगळ्यांचे पैसे तोच मशीनमधून काढून आणणार. बायकांची खेप वाचेल, असं त्याचं म्हणणं. एकेक कार्ड डब्यात पडू लागलं. सगळ्यांत म्हाताऱ्या माईनंही टाकलं.

“मी नाही देणार,” ती म्हणाली.

“माझ्यावर विश्वास नाही?”

“घराची किल्ली मी शेजारणीलासुद्धा देत नाही. आणि ती तर माझी मैत्रीण आहे.”

कुणीतरी तोंडावर पदर धरला. मुकादमाचे कान लाल झाले.

“मग उद्यापासून ओल्या खात्यात.”

ओल्या खात्यात धुतलेल्या चादरींचे जड पिळे उचलून सुकवायच्या यंत्रात टाकावे लागत. धट्टीकट्टी माणसंही तिथे दोन महिन्यांत हात टेकत. तिची पंचेचाळिशी उलटली होती.

“जाते की,” ती म्हणाली आणि हातातली घडी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती चालत बँकेच्या मशीनपाशी गेली आणि पाकिटात आलेला नंबर बदलला. मागून एकानं विचारलं, “मावशी, मदत करू?”

“दोन पावलं मागे उभे राहा. तीच मदत.”

एका हातानं आकडे झाकून तिनं चार बटणं दाबली.

ओल्या खात्यात तिसऱ्या दिवशी तिचा खांदा धरला. बाहेर घडीच्या टेबलापाशी मात्र बायकांचे फोन सारखे वाजत होते. कर्ज मंजूर झालंय, फक्त हो म्हणा. दिवसाला पाच-सहा वेळा. तिचा फोन गप्प होता.

पाचव्या दिवशी माई ओल्या खात्याच्या दारात येऊन उभी राहिली. मुठीत कार्ड होतं.

“डब्यातून काढून आणलं. ओरडला माझ्यावर. म्हटलं, ओरड. मला बहिरीला काय ऐकू येतंय!” मग तिनं कार्ड पुढे केलं. “तूच टाक एखादा नंबर.”

ती माईच्या कानाशी वाकली.

“कसा टाकायचा ते दाखवते. पण नंबर मलासुद्धा सांगायचा नाही.”

आठवडा संपेपर्यंत डब्याच्या तळाशी सातच कार्डं उरली.

ते सगळं तिनं आठवड्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवायचा. दिवसभर लोकांशी हुज्जत घालून दमलेला असायचा. पण हे ऐकून त्यानं मांडीवर थाप मारली.

“शाबास! चांगली जिरवलीस त्याची. कुणाच्या बापाला द्यायचा नाही नंबर.” पाण्याचा घोट घेऊन तो सहज म्हणाला, “बरं, काय ठेवलायस? मला सांगून ठेव.”

तिनं वाढता हात थांबवला.

“नाही सांगणार.”

तो हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

“माझ्यापासून लपवायचं?”

“लपवलं काहीच नाही. कार्ड कुठे ठेवते ते तुम्हाला माहीत आहे, पगार किती ते माहीत आहे. नंबर माझा आहे.”

तिनं पळी भांड्यात ठेवून दिली. वीस वर्षांत या घरात कपाटाची, पेटीची, कशाचीच चावी तिच्या एकटीची नव्हती. त्यानं मान खाली घालून ताट संपवलं, उठून हात धुतले आणि दाराशी पाठमोरा उभा राहिला.

“खांदा फार दुखतोय?” त्यानं न वळताच विचारलं.

“दुखतोय.”

“तेल लावून देऊ?”

ती पाट सरकवून त्याच्याकडे पाठ करून बसली.

“लावा. पण नंबर विचारू नका.”