फेस वगळून

"अगं उतर की आता, झोर्नित्सा! काटा आहे हा, झोका नव्हे!"

झोर्नित्सा दोराच्या फासात बसून मजेत पाय हलवत होती. डोक्यावरचा हिरव्या पानांचा मुकुट घसरून नाकावर आला होता, तरी तिची बडबड थांबेना. "नेदाआत्या, किती भरले? हळू सांगा हं!"

"चोपन्न किलो!" नेदाने मुद्दाम देवळाच्या घंटेपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं. अंगण खदखदून हसलं.

संत गेओर्गीच्या सणाला सकाळी ओकच्या फांदीला काटा टांगायचा आणि झाडून सगळ्यांनी बसायचं. आज वजन झालं की वर्षभर तब्येत ठणठणीत! काटा नेदाचा. एकतीस वर्षं तिने डेअरीच्या दारात याच काट्यावर गावाचं दूध मोजलं, आणि फेस ओसरल्याशिवाय कधी आकडा वाचला नाही. झोर्नित्साचा आजोबा, मेंढ्यावाला ग्रोझ्दान, रोज तणतणायचा, "नेदे, फेससुद्धा माझ्याच मेंढ्यांचा आहे!"

"मग घरी ने आणि दाढीला लाव!"

दांडीवरच्या आकड्यांच्या झिजलेल्या खाचा गावात दोघांनाच वाचता यायच्या. एक नेदा, आणि दुसरा भांडून भांडून शिकलेला ग्रोझ्दान.

या काट्यावर नेदा आयुष्यात एकदाच खोटं बोलली होती. अकरा वर्षांपूर्वी ग्रोझ्दानची बायको वेला आजारातून उठून इथे बसली तेव्हा दांडी सेहेचाळीसच्या खाचेवर सरळ झाली होती. नेदाने "त्रेपन्न!" असं ठोकून दिलं. वेलाचा चेहरा असा काही उजळला! तिने कोकराच्या मटणाचा दुसरा तुकडा मागून घेतला आणि तो सगळा उन्हाळा गाणी म्हणत काढला. द्राक्षांची तोडणी सुरू झाली तेव्हा ती वारली. त्या वजनाच्या वेळी ग्रोझ्दान काट्याशेजारीच उभा होता. पण दुसऱ्या दिवशी तो फेसावरून नेहमीसारखाच भांडला. म्हणजे त्याने खाच पाहिली नसणार, असं नेदा धरून चालली.

यंदा हिवाळ्यात नेदाच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मागच्या आठवड्यात इस्पितळातल्या काट्याने सत्तेचाळीस दाखवले. आज ती दोन स्वेटर चढवून आली होती. गावाने तो आकडा ऐकावा आणि मग वर्षभर तिच्याशी दबक्या आवाजात बोलावं, हे तिला नकोच होतं. म्हणून ती घाईघाईने दोर सोडू लागली.

"चला जेवायला! कोकरू गार होतंय."

"आत्या, तुम्ही राहिलात की!" झोर्नित्सा किंचाळली. "वर्षभर आजारी पडायचंय का? आजोबा, या ना! दरवर्षी तुम्हीच वाचता ना यांचा आकडा?"

"मीच वाचणार," ग्रोझ्दान पुढे आला. "हिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. बस, नेदे."

नेदा बसली. पाय जमिनीवरून सहज सुटले, अगदीच सहज. ग्रोझ्दानने दांडीवरचं वजन सरकवलं, आणखी मागे घेतलं. दांडी सरळ झाली. नेदाच्या सरावलेल्या डोळ्यांना खाच लगेच दिसली. सत्तेचाळीस, तेही स्वेटरांसकट. तिने डोळे मिटून घेतले.

ग्रोझ्दानने चष्मा पुसला, घसा खाकरला.

"छप्पन्न!" तो गरजला. "फेस वगळून!"

अंगणात हशा आणि टाळ्यांचा गदारोळ झाला. "इस्पितळातलं जेवण मानवलं म्हणायचं!" कुणीतरी ओरडलं.

नेदाने डोळे उघडले. एकतीस वर्षांची सवय, ओठ आपोआप हलले. "ग्रोझ्दान, अरे ती खाच..."

"काय? आता माझ्या वाचण्यातही खोट काढणार?" त्याने डोक्यावरची टोपी काढून दांडीवर ठेवली. बरोब्बर त्या खाचेवर. आणि मग हळू आवाजात म्हणाला, "अकरा वर्षं मी काही बोललो का?"

नेदा दोर धरून फासातून खाली उतरली.

"बरोबर वाचलंस," ती म्हणाली. "देव तुझं भलं करो."

झोर्नित्साने ताट आणलं. नेदाने ओकच्या सावलीत बसून कोकराचा एक तुकडा सावकाश संपवला, आणि दुसरा मागितला.