भिमाजीचा दम

ओठांत शिट्टी धरून नानासाहेब गुरुजी भिमाजीच्या चढाईबरोबर रेषेकडेने वाकून पळत होते. कासारवाडीच्या मैदानावर गर्दी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, पण पंचाचा कान 'कबड्डी कबड्डी' सोडून कुठे जाता कामा नये.

सामन्याआधी कंपनीचे कामगार अधिकारी आगाशे यांनी विचारलं होतं, "गुरुजी, हा दम म्हणजे नेमकं काय हो?"

"एकाच श्वासात कबड्डी म्हणत जायचं नि परत यायचं. मध्ये श्वास घेतला की गडी बाद."

आगाशे पुण्याचे, क्रिकेटवाले. मान डोलावून म्हणाले, "आपली कंपनी जिंकली तर भिमाजीला नोकरीत कायम करायचं ठरलंय."

गुरुजींना ते ठाऊक होतं. मोशीच्या शाळेत हा खेळ त्यांनीच त्याला शिकवला होता. बहात्तर सालापासून तो कंपनीच्या फाउंड्रीत, ओतकामाच्या साच्यांची वाळू धुळीत फोडत होता आणि दर सहा महिन्यांनी कामावरून कमी केला की घरी बसत होता.

आता शेवटची चढाई, गुण बरोबरीत. भिमाजीने कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, वळला, आणि मध्यरेषा हातभर उरली असताना त्याला कोरडी ढास लागली. त्याने श्वास आत ओढला. पापणी लवेपर्यंतच. मग पुन्हा 'कबड्डी' म्हणत तो रेषेपलीकडे कोसळला.

गुरुजींनी ते स्वच्छ ऐकलं. बावीस वर्षांत त्यांनी सख्ख्या भाच्यालाही सोडलं नव्हतं. पण पोराच्या जन्माचं कल्याण होतंय, आपल्या बापाचं काय जातंय! त्यांनी हात वर करून गुण दिला.

पंधरा दिवसांनी भिमाजी पेढे घेऊन आला.

"कायम झालो, गुरुजी!" पाया पडताना त्याला खोकला आला, तो थांबता थांबेना.

"खातं कुठलं?"

"जुनंच की. वाळूचं. कंपनीचा डाक्तर म्हनत व्हता, छाती बरी न्हाई, कायम करा पर ह्याला बागेत टाका. आगाशे सायेब म्हनले, ह्याचा दम म्या सोता बघितलाय, अन् पंच बी कडक व्हता."

गुरुजींनी पेढा तसाच खाली ठेवला. उठून खुंटीवरची टोपी घेतली.

"आगाशे साहेब किती वाजेपर्यंत असतात रे?"

भिमाजीचा चेहरा पडला. तो दारात वाट अडवून उभा राहिला.

"कुनाला ऐकू आलं न्हाई, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "तुमाला बी न्हाई."